कुठूनही उघडा

औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद दुपारी सहज उलगडला आणि तो उलगडतच गेला. बोटभर खोक्यातून टेबल झाकेल एवढा ऐवज! तो पुन्हा तस्साच घडी घालून आत बसवणं आजवर कोणाला जमलं असेलसं वाटत नाही. मी तर प्रयत्नही केला नाही. कोरा असता तर त्याचं झकास पुस्तक झालं असतं, एवढीच हळहळ वाटली.

हातानं चित्रपुस्तकं करायचा नाद लागला की असं होतं. कागद हाती आला की आधी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूनं मुकाट वाकतो, ती त्याच्या तंतूंची दिशा. पुस्तकाची पाठ त्याच दिशेला हवी, नाहीतर घडीवर कागद तडकतो आणि खळ लागली की पान रुसल्यासारखं वर उचलतं. निमंत्रणपत्रिकासुद्धा मी वाचण्याआधी वाकवतो. घरच्यांनी आता बोलणं सोडलंय.

लहानपणी परीक्षा संपली की जुन्या वह्यांतल्या उरलेल्या पानांची नवी वही व्हायची. बाबा दाभणानं भोकं पाडत, मी मेण लावलेला दोरा ओवायचो. दुरेघी, चौकटी, कोरी, सगळी पानं एकत्र. मग गोष्ट पानंच ठरवायची. चौकटी आली की शहर, दुरेघी आली की रेल्वेचे रूळ. कोरं आलं की आकाश, म्हणजे काहीच काढायला नको.

रेल्वेवरून आठवलं. १९१३ साली ब्लेझ सांद्रार यांची सायबेरियाच्या रेल्वेप्रवासाची कविता सोनिया डिलोने यांच्या रंगांसोबत एकाच लांबलचक, घड्याघड्यांच्या कागदावर निघाली. उलगडली की जवळपास दोन मीटर. बेत १५० प्रतींचा होता, कारण तेवढ्या एकीखाली एक लावल्या की आयफेल टॉवरची उंची भरते. सगळ्या काही निघाल्या नाहीत. पण हिशेब बघा! असल्या हिशेबापायी माणसं पुस्तकं करतात, हे मला फार पटतं.

माझं एक घड्यांचं पुस्तक आहे. प्रत्येक घडी म्हणजे जिन्याची एक पायरी. खाली दुधानं भरलेला पेला, पायऱ्यांवर सांडलेले थेंब, वर रिकामा पेला. शब्द एकही नाही. परवा एका पाहुणीनं ते नेमकं दुसऱ्या टोकानं उघडलं, सावकाश पाहिलं आणि म्हणाली, "थेंब थेंब वेचून भरला की हो पेला!"

मी म्हटलं, "हो ना."