गच्चीखालच्या घरातलं प्रेशर : लेव्हल ट्यूबच्या नोंदी

आमच्या गच्चीखालच्या घरात नळांना धार फार कमी येते, त्याचं कारण शोधतो आहे. मागच्या नोंदीपर्यंत नळांच्या जाळ्या आणि अँगल कॉक (नळाआधी भिंतीवर असतात ते छोटे व्हॉल्व्ह) साफ करून झाले होते. स्वयंपाकघराचा नळ तेवढ्यानंच सुधारला. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात जाळी रात्रभर ठेवली तर सकाळी क्षाराचे पांढरे कपचे तळाशी बसलेले दिसतात. पुण्यात जिथे बोअरचं आणि टँकरचं पाणी टाकीत मिसळतं, तिथे हे काम अधूनमधून करावंच लागतं. बाथरूमचा नळ मात्र जाळी काढूनही मंदच होता. १० लिटरची बादली भरायला २ मिनिटं २० सेकंद, म्हणजे मिनिटाला जेमतेम सव्वाचार लिटर.

प्लंबर येऊन बघून गेले. म्हणाले, "दादा, वरचा मजला आहे, प्रेशर पंप लावून टाका." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १० मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). आमची टाकी छोट्या स्टँडवर आहे, त्यामुळे पाण्याची पातळी बाथरूमच्या नळापासून पावणेचार मीटरच्या आसपास, म्हणजे प्रेशर अर्ध्या किलोपेक्षाही कमी. शॉवर तर आणखी वर, आणि संध्याकाळी टाकी उतरली की त्याच्या वाट्याला दीड-दोन मीटरच उरतात. तीन मजले खाली राहणाऱ्यांना टाकी भरलेली की अर्धी, याचा पत्ताही लागत नाही. वरच्या मजल्यावर टाकी एक मीटर उतरली म्हणजे निम्मी मिळकत गेली. पण मंडळी, पावणेचार मीटरवर मिनिटाला सव्वाचार लिटर हे फारच कमी आहे. उंची आहे, ती वाटेत कुठेतरी खर्च होते आहे. कुठे, ते कळल्याशिवाय पंप घ्यायचा नाही असं ठरवलं.

बाजारात सहज मिळणारा प्रेशर गेज ७ किंवा १० किलोपर्यंतचा असतो. एवढ्या कमी प्रेशरला त्याचा काटा धड हलतही नाही. म्हणून गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली. तिचं एक टोक बाथरूमच्या नळाला क्लिपनं घट्ट बसवलं, दुसरं व्हेंटिलेटरमधून वर गच्चीवर नेऊन उघडं ठेवलं. घरातले बाकी सगळे नळ बंद करून हा एक उघडला. ट्यूबमध्ये पाणी चढत चढत टाकीतल्या पातळीच्या रेषेत येऊन थांबलं. याचा अर्थ गार पाण्याच्या लाईनमध्ये हवा धरलेली नाही. जे काही अडतंय ते पाणी वाहायला लागल्यावर अडतंय.

खरी मजा पुढे आहे. ट्यूब तशीच ठेवून शेजारचा नळ पूर्ण उघडा. ट्यूबमधली पातळी जितकी खाली येईल, तितकी उंची टाकीपासून बाथरूमपर्यंतच्या पाईपनं खाल्ली. आमच्याकडे ती जवळजवळ ३ मीटर उतरली! नळाच्या वाट्याला एक मीटरसुद्धा उरत नव्हता. एवढं नुसत्या घर्षणानं जाणं शक्य नाही. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाईपमधून मिनिटाला ८ लिटर वाहत असले तरी १० मीटर लांबीत दीड मीटरच्या आसपास उंची जाते. सव्वाचार लिटरला त्याहून पुष्कळ कमी.

संशय गेला टाकीजवळच्या जुन्या गेट व्हॉल्व्हवर. त्याचं चाक दोन्ही बाजूंना छान फिरायचं, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. खोलल्यावर दिसलं की आतला गेट (पाणी अडवणारी पट्टी) स्पिंडलपासून, म्हणजे चाकाच्या दांड्यापासून, सुटून अर्ध्यावर अडकलेला. त्या जागी फुल बोअर, म्हणजे आतलं भोक पाईपएवढंच असलेला, बॉल व्हॉल्व्ह बसवला. घेताना आतलं भोक डोळ्यांनी बघून घ्या. बाहेरून सारखे दिसणारे काही व्हॉल्व्ह आतून अरुंद असतात. आता तीच बादली सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. ट्यूबमधला उतारही दीड मीटरच्या आत आला, आणि तो पाईपच्या हिशेबाशी बरोबर जुळतो. हे जुळलं तेव्हा झालेला आनंद ज्यांनी स्वतः मोजलंय त्यांना सांगायला नको.

हेच पंपानं करायचं असतं तर? वाहणं दुप्पट करायला प्रेशर साधारण चौपट लागतं. अडकलेला गेट तसाच ठेवून मोटरनं ढकलत बसलो असतो आणि वीज गेली की पुन्हा तीच धार. ज्यांना पंप खरोखर लागतो त्यांनी तो टाकीनंतरच्या लाईनवरच लावावा, शेजारी एनआरव्हीसह (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हसह) बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारी लाईन, ठेवावा. महापालिकेच्या लाईनवर थेट मोटर कधीच नको. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाणही लाईनमध्ये येते.

गरम पाण्याचं काम अजून बाकी आहे. सोलर हीटरच्या लाईनला ट्यूब लावली तेव्हा कुठलाही नळ चालू नसताना पाणी टाकीच्या पातळीपेक्षा हातभर खालीच थांबलं. ही हवेची खूण. लाईन गच्चीच्या कठड्यावरून उलटी यू घेऊन खाली उतरते. पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा सुटते आणि त्या उंचवट्यात जमून बसते. तिथे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून टाकीच्या पातळीपेक्षा वर जाणारा, उघड्या तोंडाचा एअर पाईप काढणार आहे. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकायचा सल्लाही मिळाला, तो मानणार नाही. व्हॉल्व्ह फक्त उघडून क्षार काढेन.

त्याच वेळी गच्चीवरचा गार पाण्याचा उघडा पाईप अर्ध्या इंचीचा पाऊण इंची करायचा आहे. तेवढ्याच पाण्याला घर्षण सहा-सात पटीनं कमी होतं, आणि भिंत फोडावी लागत नाही. कठड्यावरच्या लाईनला कुणी एअर पाईप काढला असेल तर तो किती उंच ठेवला आणि पाणी तापल्यावर त्यातून बाहेर सांडतं का, हे जरूर कळवा.