ठेक्याचं प्रकरण झालं, दमयंती अडली

पाच कुत्र्यांच्या टोळीवरच्या माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा निम्म्याच्या पुढे गेलाय. पाचही कुत्री आता आपापल्या पायांवर उभी आहेत (तिपाई तिच्या तीन पायांवर), आणि ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती ते ठेका नावाच्या कुत्र्याचं प्रकरण एकदाचं हातावेगळं झालंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यातलं प्रत्येक पात्र सुटका करून आणलेल्या आणि माझ्याकडे काही काळ फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरत्या सांभाळाला) राहिलेल्या कुत्र्यांवरून सुचलंय. एकाचं अंग, दुसऱ्याची खोड, तिसऱ्याचा आवाज, असं.

ठेक्याचं अंग ज्याचं आहे त्याला पिल्लू असताना डिस्टेंपर झाला होता. हा विषाणू श्वसनमार्ग आणि पोट धरतो, आणि पुष्कळदा पुढे मज्जासंस्थेत शिरतो. त्यातून जी वाचतात त्यांच्यातल्या काहींचा एखादा स्नायू जन्मभर उडत राहतो. याचा मागचा डावा पाय उडायचा. जागेपणी उडायचा, गाढ झोपेतही उडायचा. फरशीवर नख आपटायचं: टक्, टक्, टक्. दात बघायला ओठ वर केला तर दातांवर बारीक खड्डे आणि तपकिरी पट्टे, कारण पक्के दात घडत असतानाच हा आजार झाला की एनॅमल नीट धरत नाही. त्याला स्वतःला या पायाचं काहीही वाटत नसे. बघणाऱ्यांचेच चेहरे उतरायचे.

प्रकरणात टोळी रात्री एका बंद गोदामात लपलेली आहे. बाहेर माणसं कानोसा घेतायत आणि आत सिमेंटच्या जमिनीवर ठेक्याचा पाय बोलतोय. त्याला तो थांबवता येत नाही, आपला आवाज होतोय हेही त्याच्या गावी नाही. अख्खा प्रसंग त्या एका नखातून निघाला. शेवटी दमयंती, जी कुणाला अंगाला अंग लावू देत नाही, अंधारात सरपटत येते आणि त्याच्या पायावर आपली छाती टेकवून पडून राहते. आवाज बंद. हे लिहून झाल्यावर मी जाम खूश होते.

आणि तिथेच दमयंती अडली. एवढं मोठं पाऊल तिने उचललं, तर पुढच्या प्रकरणात ती कशी वागणार? कच्चा खर्डा वाचणाऱ्या दोघांनी एकच सल्ला दिला: तिचा भूतकाळ सांगून टाक. तिला कुणी मारलं होतं, झाडूने मारलं होतं, म्हणून ती अशी. एक फ्लॅशबॅक टाकला की सगळं उलगडेल.

हे मी करणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण सुटका केलेल्या प्राण्यांवर लिहिणारे आपण सगळेच इथे घसरू शकतो. पिल्लू साधारण 3 ते 12-14 आठवड्यांचं असताना जे काही बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या जगाच्या यादीत जमा होतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून 1965 साली हे सविस्तर मांडलं. त्या आठवड्यांत ज्याने झाडू, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस बघितलाच नाही, ते कुत्रं पुढे झाडू दिसला की पलंगाखाली जाऊ शकतं. कुणी एक चापटही मारलेली नसताना. मार खाल्लेलंही तसंच वागेल. बाहेरून दोघांत फरक करता येत नाही, आणि ज्या कुत्रीवरून दमयंती सुचली तिचं आधीचं आयुष्य कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे आलेल्या बहुतेकांचं हेच असतं. मग कादंबरीत मला ते कुठून माहीत असणार? फ्लॅशबॅक टाकला की वाचकाला हळहळायला एक खलनायक मिळतो आणि कुत्रीकडे बघायचं काम संपतं. मला तिच्याकडे बघत राहायचंय.

तर तिचा भूतकाळ कोराच राहणार. अवघड हे की मग तिच्यातला सगळा बदल वर्तमानातच दाखवावा लागतो, आणि तोही अंगातून. वहीत जे टिपलंय त्यातून आता काम चाललंय. कुत्र्यांच्या पंजांच्या गादीला घाम येतो आणि घाबरल्यावर जास्त येतो. दमयंती जिच्यावरून सुचली ती कुत्री कपाटामागून पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा फरशीवर ओलसर ठसे उमटत गेले आणि ती दारापर्यंत पोचेस्तोवर मागचे सुकूनही गेले. आधी ती खायची ते खोलीत कुणी नसताना. मग मी असताना, पण मी पाठ केली तरच. नंतर कधीतरी एक घास खाऊन मान वर, माझ्याकडे एक नजर, मग पुढचा घास. झोप आलेली नसताना जांभई, नाकावरून पटकन फिरून जाणारी जीभ, मान वळवून भलतीकडेच बघणं, हे सगळं ताणाचं बोलणं. नव्या घरात कुत्रं रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असे टप्पे लागतात, असा ठोकताळा आपल्या वर्तुळात सांगतात. धीर द्यायला तो बरा, पण मी कथानक त्यावर बेतलं नाही. ही बाई कुठलंच वेळापत्रक मानत नव्हती. कधी दोन पावलं पुढे, तर दुसऱ्या दिवशी परत कपाटामागे. तेव्हा पुढच्या प्रकरणात दमयंती ठेक्याला ओळख दाखवणार नाही, एवढं सध्या ठरलंय. गोदामातली रात्र तिच्या लेखी तिथेच संपली. वाचक चिडतील. चिडू देत.

चोरीच्या प्रकरणाला मात्र चांगलाच रंग चढला. घरातलं काहीतरी फस्त होतं, करणारी तिपाई, आणि पकडला जातो आमचा भोळा गब्दुल, कारण त्याचा चेहरा अपराधी दिसतो. यामागे खरा प्रयोग आहे. 2009 साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी मालकांना मुद्दाम कधी खरी, कधी खोटी खबर दिली की तुमच्या कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला. तो ‘अपराधी’ चेहरा खाण्यावर अवलंबून नव्हताच, रागावण्यावर होता. आणि काहीही न करता बोलणी खाल्लेल्यांचा चेहरा जास्तच पडलेला होता. गब्दुलचं सगळं पात्र एवढ्यावर उभं आहे. बिनगुन्ह्याचा मार खाणाऱ्या कुत्र्याची गोष्ट तशी जुनीच म्हणा. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमा या कुत्रीच्या पोराला बडवतात. सरमा थेट यज्ञसत्रात जाऊन विचारते, याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंही नाही, मग का मारलंत? कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देऊन मोकळी होते. गब्दुलला अशी आई मिळाली असती तर कादंबरी दहा पानांत संपली असती.

कुत्र्यांच्या नजरेतून जी प्रकरणं आहेत त्यांची साफसफाईही चालू आहे. गवतातला लाल चेंडू काढला, म्हणजे चेंडू ठेवला, ‘लाल’ काढलं. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यात त्यांना फारसा फरक दिसत नाही. आता ठेका चेंडू नाकाने शोधतो आणि तो परिच्छेद आधीपेक्षा लांब आणि मजेदार झालाय, कारण वासाला वेळ असतो: कोण आधी गेलं, कोण नंतर, कोण घाबरून गेलं. ‘केविलवाणे डोळे’ही सगळीकडून उडवले. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित असतो आणि लांडग्यांत जेमतेम, हे 2019 च्या एका अभ्यासात दिसलं. पण कुत्र्याला स्वतःची भुवई थोडीच दिसते? ते डोळे आता फक्त माणूस बघत असेल त्याच पानावर येतील. शेपूट उजवीकडे जास्त हलते की डावीकडे, यावरचा 2007 चा अभ्यास वापरून एक प्रसंग लिहिला होता, तोही काढला. अभ्यास भारी आहे, पण निवेदकाला मध्येच थांबून शिकवणी घ्यावी लागत होती.

तिपाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती आपली आपण लिहून घेते. तिचा पुढचा पाय नाही, आणि कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे तिला सावकाश चालणं जड जातं आणि पळणं सोपं. ती सतत सगळ्यांच्या पुढे असते. टोळी समजते ही म्होरकी.

राहिला आबा. म्हातारा, ऐकू कमी येत चाललेला, आणि हे अजून कुणाच्या लक्षात न आलेला. त्याच्यासाठी माझ्याकडे वहीत जवळजवळ काही नाही, कारण पूर्ण बहिरं कुत्रं माझ्याकडे कधी राहिलं नाही. झोपेतून दचकून उठलं तर चावू शकतं, म्हणून जमीन थोपटून किंवा नाकाजवळ हात नेऊन वासाने उठवतात, इतपत माहीत आहे. पण दोन कुत्री घरात असतील तर दुसरं त्याला उठवतं का? कसं? नाक लावून, पंजा मारून, की नुसतं जाऊन शेजारी पडून? आणि भुंकणं बदलतं का, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर? ज्यांच्याकडे असा म्हातारा आहे किंवा होता त्यांनी जरा बारीकसारीक तपशिलांसह सांगा. पावसाच्या प्रकरणाआधी मला आबा हवाय.