अबोली: मृगापासून श्रावणापर्यंत

मृगात अबोलीचे दोन प्रकार लावले. एक आपली गावठी, बियांची. दुसरी दिल्ली अबोली, जिचा नारिंगी रंग जास्त गडद. दिल्ली अबोलीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ती बी धरत नाही; फांदीच लावावी लागते. आषाढातल्या दमट हवेत फांद्यांना मुळं चांगली फुटली.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी मुरतं, म्हणून रोपं झडीतही तगली. येळ्ळूर शिवारातल्या काळ्या मातीत तसं होत नाही. पाणी साचलं की मुळं कुजतात आणि रोप मान टाकतं. काळ्या मातीवाल्यांनी आधी वीतभर उंच वाफा करावा, मग रोप लावावं. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक त्रास होतो: लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

गावठीचं बी धरणं हा मला सगळ्यात आवडणारा भाग. अबोली अडुळसा-कोरांटीच्या कुळातली. वाळलेल्या कणसावर पाणी पडलं की बोंडं तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं. म्हणून कणीस तपकिरी होताच कोरडं असताना काढायचं, फडक्यात सैल बांधायचं आणि वरून पाणी शिंपडायचं. सगळं बी फडक्यातच राहतं. ते ताजं असतानाच पेरावं.

खरा शत्रू जमिनीत असतो. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखी अगदी बारीक कीड, अबोलीला फार लागते. रोप खुरटलं की एखादं उपटून मुळं बघा. मी लावतानाच निंबोळी पेंड घातली आणि मध्ये मध्ये झेंडू लावला. आतापर्यंत उपटून पाहिलेल्या मुळांना गाठ नाही. खत म्हणून फक्त शेणखत.

श्रावणात तुरे आले. फूल खालून वर उमलत जातं आणि झाडावर काही दिवस टिकतं, त्यामुळे एक दिवसाआड सकाळी खुडलं तरी चालतं. लांब नाजूक नळीमुळे ते केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात सहज बसतं. वास नसतो, म्हणून आई मध्ये मरव्याची काडी घालते. शेजारच्या अज्जींना गौरीसाठी वेणी हवी आहे. त्यांना मी गावठीचीच देणार. रंग फिका असला तरी मला तीच जास्त नाजूक वाटते.

पुढे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अंबरा आणि अर्का कनका ही वाणं लावून बघायची आहेत. तुरे संपले की वाळलेली कणसं कापून हलकी छाटणी करीन. पिवळ्या अबोलीचं रोप कुणाकडे असेल तर कळवा, बदल्यात गावठीचं ताजं बी देईन.