द्वादशीची मोजणी: ठाणे खाडी, तिसऱ्या हंगामाची वही

तिसऱ्या हंगामाची पहिली नोंद टाकतोय, आणि ती आधीच्या दोन वह्यांच्या दुरुस्तीपासूनच सुरू करावी लागतेय. माझ्यासारखे रविवारी दुर्बीण घेऊन निघणारे बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ऐरोलीत राहतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोजतो ते मात्र नेरूळकडे, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर आणि डीपीएस शाळेजवळच्या तलावावर. खाडीतल्या चिखलावर पाणी चढलं की पक्षी तिथून उठतात आणि इथं विसाव्याला उतरतात. दोन वर्षं मी दर रविवारी सकाळी सातला नेमानं हजर होतो. आकडे कसे यायचे पाहा: एका रविवारी अकराशे, पुढच्या रविवारी चाळीस, त्याच्या पुढच्या रविवारी परत नऊशे. मी समासात कारणं लिहीत गेलो. ‘पाणी काळं दिसतंय.’ ‘कुत्री फिरत होती.’ ‘बांधकामाचा आवाज.’ एकदा तर चाळीसच्या आकड्याखाली ‘पक्षी गेले’ असं लिहून घरी आलो होतो. तो दिवस फार वाईट गेला.

पावसाळ्याआधी दिवागावच्या जेट्टीवर एक कोळी काका जाळं विणत बसले होते, त्यांना मी ही वही दाखवली. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत, तारखा पाहिल्या. म्हणाले, “पानी काय रविवार बघून येतंय का? तिथी बघ, तिथी.”

त्यांचा हिशेब कोकणात जुना आहे, पण मला तो कधी कोणी सांगितला नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊण तास म्हणजे त्याचाच सोपा केलेला आकडा. छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता रविवार ते रविवार सात दिवस. या रविवारी पौर्णिमा असेल तर पुढच्या रविवारी सप्तमी-अष्टमी, त्याच्या पुढच्या रविवारी अमावास्या. अष्टमीला सकाळी सातला खाडी भरलेली, म्हणून पक्षी माझ्यासमोर पाणथळीवर. पौर्णिमेला सातला नुकतीच ओहोटी होऊन गेलेली, मैलभर चिखल उघडा, सगळे खाडीत चरायला. जुनी कालनिर्णयं माळ्यावरून काढून दोन्ही वह्यांत तिथीचा रकाना भरला. सलग चार आठवडे भरल्यावरच कळलं. वहीत उतरली होती ती भरती-ओहोटी. रोहित बहुधा तेवढेच असावेत.

मग या हंगामासाठी मोजणीचा दिवस कुठला? उधाणाच्या भरतीला चिखल पूर्ण बुडतो, म्हणून आधी पौर्णिमा-अमावास्या धरली. पण तेव्हा भरती येते दुपारी बाराच्या आसपास, आणि त्या उन्हात स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, पाहिलं की पाण्यावरची झळ नाचते, पाय कुठले आणि पाण्यातलं प्रतिबिंब कुठलं ते कळत नाही. अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही, काही थवे खाडीतच राहतात. म्हणून द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. पाण्याला बऱ्यापैकी जोर, सूर्य पाठीशी, झळ सुरू व्हायच्या आत काम उरकतं. शुद्ध आणि वद्य धरून महिन्यातून दोनदा. वार कुठलाही येतो, त्यामुळे ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या रजा टाकतोय.

कार्तिक शुद्ध द्वादशी: रोहित शून्य. शून्य ठळक लिहिलं, कारण पूर्वी मी शून्याच्या दिवसाची नोंदच करत नसे आणि ती मोठी चूक होती. पक्षी कधी आले हे ठरवायला आधीचा शून्य लागतोच. शेकाटे, काळ्या शेपटीचे गॉडविट, थापट्या बदकं मात्र आली होती.

कार्तिक वद्य द्वादशी: शून्य.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी: 64. सगळे एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी: 310. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, म्हणून हा आकडा दोनदा मोजला.

पौष शुद्ध द्वादशी: 1,240. इथं मोजण्याच्या पद्धतीबद्दल लिहायलाच हवं. दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यात धरायचा, असे दहा तुकडे लावून शंभराचा अंदाज घ्यायचा आणि मग तो शंभर थव्यावर सरकवत न्यायचा. सगळे असंच करतात. या खेपेला मी त्याच क्षणी थव्याचे फोटोही काढले, घरी मोठ्या आकारात छापून घेतले आणि एकेका पक्ष्यावर पेनानं ठिपका दिला. डोळ्यानं 400 म्हटलेला थवा ठिपक्यांनी 530 भरला. दुसरा 250 चा 310. गर्दी दाट झाली की माझा डोळा नेहमी कमीच मोजतो, जास्त कधीच नाही. वर दिलेला आकडा ठिपक्यांचा आहे. तुम्हीही एकदा असा ताळा करून पाहा, आपला डोळा किती खातो ते एकदा कळलं की पुढचं काम सोपं होतं.

पौष वद्य द्वादशी: 1,510. त्यात मोठे रोहित 22, बाकी सगळे लहान. दुरून चोच काळपट दिसली तर लहान, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं दिसलं तर मोठा. आणि मोठा उभा राहिला की बाकीच्यांच्या वर मान काढतोच.

त्या दिवशी एक राखाडी पिल्लू बांधापासून तीसेक फुटांवर आलं. स्कोप लागलाच नाही, दुर्बिणीत मावेना. मान खाली सोडून चोच उलटी केलेली, वरचा जबडा चिखलाकडे. डोकं घड्याळाच्या लंबकासारखं इकडून तिकडे, आणि चोचीच्या कडेनं पाणी बारीक पिचकाऱ्यांनी बाहेर पडतंय. आत जिभेचा पंप चाललेला असतो, पाणी गाळलं जातं आणि शेवाळ मागे राहतं. पायांच्या सांध्यापर्यंत ओला चिखल होता, त्यावर सुकलेल्या चिखलाची एक फिकट रेघ, आधीच्या भरतीची. आपण ज्याला गुडघा समजतो तो खरं तर त्याचा घोटा. थवा दहा पावलं पुढे सरकला तेव्हा हे एकटंच मागे राहिलं, मग एकदम धावत जाऊन मोठ्यांच्या पायांत शिरलं. मी बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

यातून नवा रकाना सुरू केलाय: शंभरात राखाडी किती. रोहित आपल्याकडे वीण करत नाहीत, घरटी होतात कच्छच्या रणात आणि तिकडच्या खाऱ्या पाणथळींत. म्हणजे तिकडे गेली वीण कशी झाली याचा थोडा अंदाज नेरूळच्या बांधावर उभं राहून घेता येतो. पौष वद्य द्वादशीला सुट्या, विरळ उभ्या असलेल्या थव्यांतले 400 पक्षी पाहिले, त्यात 57 राखाडी. एका हंगामावरून काही म्हणणार नाही.

माघ शुद्ध द्वादशीला मोजणी सोडून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीनं गेलो. बोटीच्या वेळाही भरतीवरच ठरतात, हे मी आधी नीट वाचलंच नव्हतं. तिवरांची श्वसनमुळं उघडी, त्यांत अडकलेल्या पिशव्या पाहून जीव तुटतो. त्याच चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पाणी चढायच्या आधी मोठ्या रोहितांनी पाय आपटत गोल फिरून केलेली परातीएवढी वर्तुळं दिसली, एकमेकांना लागून सात-आठ.

2015 साली अभयारण्य जाहीर झालं ते खाडीतल्या सुमारे 1,690 हेक्टरचं, आणि 2022 मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीतही गेलं. मी मोजतो त्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पण त्याच पक्ष्यांना ओहोटीला तो चिखल लागतो आणि भरतीला हे उथळ पाणी. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं होतं, तेव्हा तलाव सुकला आणि रोहित मेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून भरतीच्या वेळचा आकडा, तिथीसकट, वर्षानुवर्षं लिहिलेला असायला हवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना मी आता शेऱ्यात भरतीची वेळही लिहितो.

एक मोठी अडचण उरली आहे. माझ्याकडे आकडा कमी आला तर पक्षी समोरच्या काठावर असू शकतात, आणि तिथं त्या वेळी कोणी उभं नसतं. भांडुप पंपिंग स्टेशनकडे नियमित जाणारं कोणी असेल तर फाल्गुन शुद्ध द्वादशीला सकाळी साडेआठ ते साडेनऊ, डोळ्याचा अंदाज आणि फोटो, दोन्ही घ्या. मी त्याच तासाला नेरूळच्या बांधावर असेन.