तुम्ही विचारलंत म्हणून: ही बोट पिवळी का?

दर प्रदर्शनात हाच प्रश्न. टेबलावर माझं हातभर लांब 'पद्मा'चं मॉडेल असतं, खाली करडं, वर केबिनचा टप पिवळाधमक, आणि समोरचा माणूस हसत विचारतो, "काय हो, युद्धनौका आहे का स्कूलबस?" इतकी वर्षं मीही हसून सोडून देतोय, आज सांगूनच टाकतो.

७१ चं युद्ध पहिल्यापासून सांगत नाही. पद्मा आणि तिची जोडीदार पलाश या मुळात कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या बोटी, लढाईशी काही संबंध नाही, त्यांच्यावर ४० मिमीच्या बोफोर्स तोफा चढवून त्या मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेला दिल्या. (बोफोर्स म्हणजे ते ८७ चं प्रकरण नाही, ती तोफ वेगळी, हाही प्रश्न पुरे आता.) आधी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पशूर नदीत मोंगला बंदराच्या वाटेवर सुरुंग टाकून आल्या, मग डिसेंबरात आपल्या आयएनएस पनवेलबरोबर थेट खुलना शहराकडे निघाल्या. ताफ्याचे प्रमुख कमांडर मोहन नारायण राव सामंत, आपले मराठी. इथवर लोक खूश असतात, पनवेलचं नाव ऐकून तर जास्तच.

१० डिसेंबर, दुपारची वेळ, खुलना समोर दिसतंय. वर विमानं आली. आपलीच, भारतीय हवाई दलाची नॅट. घाबरायचं कारणच नव्हतं, टप पिवळे केले होते तेच मुळी वरून ओळख पटावी म्हणून. आणि विमानं वळून खाली आली ती मारा करतच. आधी पद्मा गेली, मग पलाश. पनवेल वाचली. पलाशच्या इंजिनरूममध्ये मुक्तिवाहिनीचे रुहुल अमीन होते, बोट सोडायचा हुकूम झाला तरी हलेनात, इंजिन चालू ठेवायची धडपड शेवटपर्यंत. जखमी होऊन कसेबसे काठाला लागले तर तिथे रझाकारांनी (पाकिस्तानी फौजेच्या स्थानिक साथीदारांनी) मारलं. बांगलादेशात आज ते वीरश्रेष्ठ आहेत, म्हणजे तिथला शौर्याचा सर्वोच्च किताब मिळालेल्या सातांपैकी एक, कबर रूपसा नदीच्या काठावर आहे. सामंतांना महावीरचक्र मिळालं.

आता खरं सांगतो. माझं पहिलं मॉडेल अख्खं करडं होतं. कुणी विचारलं की म्हणायचो, फोटो मिळाले नाहीत नीट. साफ खोटं, पिवळ्याचं मला तेव्हाही माहीत होतं. पिवळा लावला की 'का' येणार, 'का' आला की 'कुणी बुडवली' येणार, आणि समोर शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी, त्यांना काय सांगू? आणि पाटीवर 'शत्रूच्या हल्ल्यात बुडाली' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

नंतर रंग बदलला, पाटीही बदलली, तर एक निवृत्त फौजी काका भडकले, "आपल्याच पोरांची बदनामी कशाला करतोस?" मी तावातावाने भांडलो. पण घरी येताना वाटलं, त्या वैमानिकाला नदीवर किती सेकंद मिळाले असतील? मी आरामात टेबललॅम्पखाली बसून ब्रशने टप रंगवतो, मला काय जातंय बोलायला. आणि लगेच उलटंही वाटतं, मग रुहुल अमीनचं काय?

पाटीवर सध्या फक्त नाव आणि तारीख आहे. दुसरी ओळ दोनदा लिहून दोनदा खोडली. पिवळा मात्र जरा उन्हाने उडालाय, पुढच्या प्रदर्शनाआधी परत एक हात मारावा लागेल.