हिवाळी अधिवेशनात आपलाही मोर्चा निघावा

दर डिसेंबरला नागपुरात अधिवेशन लागतं आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात. अंगणवाडीच्या ताया येतात, शेतकरी येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात. त्यात समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काचा फलकही दिसायला हवा, असं मी आमच्या ग्रुपवर कधीची म्हणते आहे. उत्तर ठरलेलं असतं : "अगं, ते दिल्लीचं काम आहे."

फक्त दिल्लीचं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आम्हाला बसवणं कायदेमंडळाचं काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. पण लग्न हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधानसभाही त्यावर कायदा करू शकते. केंद्राच्या कायद्याशी तो विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळणं कठीण आहे, मान्य. पण आमदार आपल्याच गावात आलेले असताना मागायचंसुद्धा नाही?

मला हे इतकं का लागतं, सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्या जोडीदाराचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. काउंटरवर विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" म्हटलं, आम्ही सोबत राहतो. "ते ठीक आहे ताई, पण घरचं कोणी आहे का? नातेवाईकाची सही लागते." शेवटी अमरावतीहून तिच्या भावाला बोलावलं. वर्षानुवर्षं आमच्या दारात पाऊल न टाकलेला माणूस आला, उभ्या उभ्या सही करून मोकळा झाला. तिला कोणत्या गोळीची ॲलर्जी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ते मी बाजूला उभी राहून सांगत होते आणि सिस्टर त्याच्या नावाखाली लिहून घेत होत्या. त्या दिवशीचा संताप अजून गेलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आपल्याला जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही दोन्ही केलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे तिच्या हातात येतील, हक्क मात्र माझ्या वारसांचा राहील. म्हणून मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. नोंदणी सक्तीची नसते, तरी केली. तुम्हीही एवढं करूनच ठेवा.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. मागण्या दोनच : या विषयावर सभागृहात चर्चा घ्या, आणि तोवर राज्यातल्या दवाखान्यांत जोडीदाराची सही चालेल असा आदेश काढा. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांनी मास्क लावून या. आईबाबा तयार असतील तर त्यांनाही आणा, माझी आई येते आहे. पोलिसांकडे परवानगीचा अर्ज आधी द्यावा लागतो, तेव्हा नोव्हेंबर संपायच्या आत मला कळवा.