त्या ११ बॅगा

मी ब्रँडसाठी लिहिते. म्हणजे वेबसाइटवरचं 'आमच्याबद्दल'चं पान, छोट्या फिल्मची स्क्रिप्ट, लेबलवरच्या दोन ओळी, असलं सगळं. बरीच वर्षं करतेय, पण एका शूटच्या दिवसानंतर माझी कामाची पद्धतच बदलली, तो दिवस आज लिहून काढतेय.

क्लायंट म्हणजे एक ताई. पाठीवरच्या बॅगा बनवतात, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, मोजकी माणसं आहेत, विक्री आणि ऑनलाइनचं सगळं त्यांची मुलगी बघते. त्यांना दोन मिनिटांची फिल्म हवी होती, ताई कॅमेऱ्यासमोर बसून आपली गोष्ट सांगणार आणि स्क्रिप्ट माझी. फोनवर तासभर बोलून मी ती लिहिली होती आणि खरं सांगते, मला ती आवडलीही होती. 'लहानपणापासून हातात सुईदोरा आणि डोळ्यांत एक स्वप्न...' अशी सुरुवात. ताई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या की शाळेत असताना शिवण शिकले. त्याचं स्वप्न मी केलं.

शूटला पहिल्याच वाक्यावर गाडी अडली. ताई 'स्वप्न' या शब्दापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. सात टेक झाले. लाइट बदलून बघितला, प्रॉम्प्टर जवळ आणला, पाणी दिलं, माणसं बाहेर काढली. आठव्या टेकला त्यांनी कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मला असलं काही स्वप्न नव्हतं गं. मला काम हवं होतं."

मला चर्रर्र झालं. कारण मी त्यांच्या तोंडी खोटं घातलं होतं, आणि ते त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं एवढं साधं होतं ते.

आमच्या क्षेत्रात हे नवीन नाही. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटचं उदाहरण बघा. पिएर ओमिड्यारने होणाऱ्या बायकोला पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून ही साइट काढली, ही गोष्ट वर्षानुवर्षं छापून येत होती. ती १९९७ मध्ये कंपनीच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्या बाईंनी रचली होती, २००२ मध्ये कंपनीवर आलेल्या पुस्तकात ते उघड झालं. आणि खरी गोष्ट काय, तर १९९५ मध्ये साइट चालते का बघायला ओमिड्यारने स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर विकायला ठेवला, तो १४.८३ डॉलरला गेला, त्याने घेणाऱ्याला मेल करून विचारलं की हा बंद आहे, कळलंय ना, तर तो म्हणाला मी बंद पडलेले लेझर पॉइंटरच जमवतो! जगात प्रत्येक वस्तूला कुठेतरी गिऱ्हाईक आहे हे याहून चांगलं कसं सांगणार? हातात एवढी गोष्ट असताना वेगळी रचायची गरजच काय होती, हे मला आजही कळत नाही. पण तेच मी ताईंच्या बाबतीत केलं होतं.

तर ब्रेक घेतला. ताई उठून कपाटाकडे गेल्या आणि एक जुनी बॅग घेऊन आल्या. एक पट्टा मुळापासून उखडलेला, त्याच्या टोकाचे दोरे पिंजलेले, आणि बॅगेच्या कापडावर सुईच्या भोकांचा एक चौकोन तेवढा उरलेला. माझं बोट धरून त्यांनी त्या भोकांवरून फिरवलं. "बघ, नुसता चौकोन मारलाय. वजन आलं की सगळा ताण वरच्या एका ओळीवर, आणि मग ती ओळ फाटत जाते, भोकं पाडलेलं तिकीट फाटतं ना, तशी." मग नवी बॅग उलटी करून दाखवली. पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि चौकोनात फुली, आतून कापडाचा जास्तीचा तुकडा लावलेला. फुलीमुळे ताण एका ओळीवर राहत नाही, सगळ्या चौकोनात वाटला जातो. मी इतकी वर्षं पाठीवर बॅगा वागवतेय, ती फुली कशासाठी असते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची पहिली मोठी ऑर्डर ४० बॅगांची होती. महिनाभरात ११ परत आल्या. एकीत चिठ्ठी होती, 'बॅग छान आहे पण पुस्तकांचं वजन पेलत नाही.' ताईंनी त्या ११ उसवून पुन्हा शिवल्या, आणि मग ज्या परत आल्याच नव्हत्या त्या २९ पण स्वतः फोन करून मागवून घेतल्या. "त्याही फाटणारच होत्या ना आज ना उद्या," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात ही फाटकी बॅग देतात.

ताई हे सांगत होत्या तेव्हा एकदाही अडखळल्या नाहीत. हात आपोआप टाके दाखवत होते. कॅमेरामनने मला खुणेने विचारलं, चालू करू का, आणि मी मान हलवली. ताईंना न विचारता. बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या की त्याच महिन्यांत मिस्टर दवाखान्यात होते आणि रात्री त्यांच्या उशाशी बसून मी टाके उसवत होते. मी लगेच पुढे सरसावले, ताई हेच, हेच घेऊया, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

त्यांनी बॅग खाली ठेवली. "नाही. ते माझं आहे. बॅगेचं नाहीये ते."

कॅमेरा चालू होता हे मग मी सांगितलं, माफी मागितली आणि तेवढा भाग त्यांच्यासमोर डिलीट केला. त्या वाक्याने मला कामातली एक रेघ दाखवली. मी तोवर समजत होते की खरी गोष्ट म्हणजे जितकं खासगी, जितकं दुखरं, तितकं चांगलं. ताईंचं गणित सरळ होतं, जे बॅगेत शिवलं गेलंय ते सांगायचं, बाकीचं घरात राहू द्यायचं.

मुलीला मात्र पटेना. "आई, आपल्याच बॅगा फाटल्या होत्या हे आपणच सांगायचं? उद्या कोणीही स्क्रीनशॉट काढून फिरवेल." तिची भीती खोटी नव्हती. मी तिला शुइनार्डची गोष्ट सांगितली. पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढणारे इव्हॉन शुइनार्ड आधी कड्यांत ठोकायच्या पोलादी खुंट्या, पिटॉन, बनवायचे. १९७० पर्यंत त्यांची कंपनी अमेरिकेत गिर्यारोहणाचं साहित्य पुरवणारी सगळ्यात मोठी कंपनी झाली होती आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याच खुंट्या ठोकून-उपटून खडक खराब होतायत. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी ते सरळ छापलं, सोबत न ठोकता चढण्यावर १४ पानी लेख. काही महिन्यांत पिटॉनचा धंदा बसला आणि फटीत हाताने बसवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चॉकना मागणी पुरी पडेना.

"त्यांचं नाव आधीच मोठं होतं," मुलगी म्हणाली. बरोबर होतं तिचं. पण त्याच कॅटलॉगमध्ये चॉक तयार होते, ही त्यातली खरी गोम. चूक सांगितली आणि ती कशी निस्तरली हे दाखवता आलं नाही तर ती नुसती कबुली होते. आपल्याकडे फुली आहे, दाखवता येते, हात लावून बघता येते. यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच ती फाटकी बॅग उचलून टेबलावर लाइटखाली ठेवली.

स्क्रिप्ट मी फाडली. त्या जागी एका कागदावर चार मुद्दे लिहिले, त्यात 'काही बॅगा परत आल्या' असं होतं. ताईंनी पेन घेऊन 'काही' खोडलं आणि ११ लिहिलं. संशोधक जेम्स डायसनचं आठवलं मला, लोक 'हजारो प्रयत्न' विसरतात पण व्हॅक्युम क्लीनरचे ५,१२७ नमुने बनवले हा आकडा विसरत नाहीत. मोजलेला आकडा त्याच्याकडेच असतो जो तिथे होता.

दुसऱ्याच टेकला झालं. शेवटचं वाक्य संपल्यावर ताईंनी सवयीने पट्टा धरून जोरात ओढून बघितला, ते आम्ही तसंच ठेवलं. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना फोन करून परवानगी घेतली, त्या म्हणाल्या मजकूर वापरा, नाव नको, मग नाव नाही घातलं.

परवा ताईंच्या मुलीने मला एक मेसेज पुढे पाठवला. कुणा गिऱ्हाइकाने ब्रँडचं नाव चुकीचं लिहिलं होतं, पण पुढे विचारलं होतं, 'ती फुलीवाली बॅग तुमचीच ना?'